निरगाठ आणि सुरगाठ

हातातली वस्तू खाली पडणे ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिच्याविषयी विचार करीत बसण्यास सहसा कोणी तयार होत नाही. पेला पडला म्हणजे आवाज होतो, माजघरातून कोणीतरी "काय पडले?" म्हणून विचारते, पेला उचलला जातो, आणि प्रकरण तेथेच संपते. पेल्याला फार तर एखादा पोचा येतो. पोचा आलेला पेला पाण्याविषयी खोटे बोलत नाही. त्यात पाणी किती आहे हे पूर्वीप्रमाणेच दिसते. परंतु संसारात काही वस्तू अशा असतात की, त्यांचा सारा उपयोग खरे बोलण्यात असतो. घड्याळ, तराजू, ज्वरमापक ह्या त्या जातीच्या वस्तू होत. त्या पडल्या आणि फुटल्या तर फारसे बिघडत नाही. त्या पडल्या आणि फुटल्या नाहीत, तर मात्र काळजीचे कारण उत्पन्न होते.

अशाच एका वस्तूविषयी आणि तिला बांधलेल्या एका दोरीविषयी आज आम्ही चार शब्द लिहिणार आहोत. विषय क्षुल्लक आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि ज्या घरात विजेचा दिवा आहे, त्या घराचा ह्या विषयाशी थोडातरी संबंध पोहोचतोच.

ती वस्तू म्हणजे मल्टीमीटर. विजेचा दाब, तिचा प्रवाह आणि तिच्या वाटेतील अडथळा, ह्या तिन्ही गोष्टी मोजणारी, तळहातावर मावणारी ही पेटी आज कोणत्याही वायरमनच्या पिशवीत आढळते. प्रारंभी ह्या तीन मापांसाठी तीन निरनिराळी उपकरणे बाळगावी लागत. हे ओझे असह्य होऊन ब्रिटिश पोस्ट खात्यातील डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या एका अभियंत्याने तिन्ही मापे एकाच पेटीत बसविली, आणि १९२३ साली ती पेटी विक्रीस आली. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ह्यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव 'अ‍ॅव्हो' पडले. पुढे त्या घराण्यातली मीटरे इतकी लोकप्रिय झाली की, त्यांतील आठव्या क्रमांकाचा नमुना २००८ सालापर्यंत तयार होत होता.

ते जुने मीटर चांगले वजनदार असे. त्याचा काटा एका नाजूक वेटोळ्याला जडविलेला असे, आणि ते वेटोळे लोहचुंबकाच्या कुशीत बारीक अणीवर झुलत असे. म्हणूनच की काय, त्या पेटीच्या माथ्यावर धरण्यासाठी एक चामडी पट्टा बसविलेला होता. तो हातात अडकवून ती पेटी कंदिलासारखी वागवावयाची. १९७०च्या दशकात आकडे दाखविणारी, मुठीत मावणारी मीटरे निघाली. काटा गेला, वेटोळे गेले, वजन गेले. आणि त्यांच्याबरोबर तो पट्टाही गेला! जड वस्तू पडेल ह्या भीतीने माणसाने तिला पट्टा लाविला होता. वस्तू हलकी होताच भीती नाहीशी झाली. परंतु हलकी वस्तू पडत नाही, असे थोडेच आहे? उलट, जड वस्तू आपण दोन्ही हातांनी जपून धरतो. हलकी वस्तू काखेत, खिशात, दोन बोटांच्या चिमटीत, नाहीतर शिडीच्या पायरीवर ठेवून देतो.

शिडीवरून पडणे म्हणजे काय, ह्याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानावरून कोणासही मांडता येईल. दोन मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीशी पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. खाली माती असेल तर ठीक; पण खाली शहाबादी फरशी असेल, आणि ती वस्तू अवघ्या दोन मिलिमीटर अंतरात थांबली, तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे हजारपट बल येते. मीटरचे वजन ४०० ग्रॅम धरले, तर क्षणभर त्या बिचाऱ्यावर ४०० किलोंचा भार पडला, असे समजावे. बाहेरचे रबरी कवच हा भार पुष्कळसा सोसते. परंतु कवच सोसते म्हणून आतले सांधे, आतल्या पितळी स्प्रिंगा आणि आतले डाक सोसतातच, असे नाही.

आमचा पुतण्या वायरमन आहे. गेल्या पावसाळ्यात एका इमारतीच्या जिन्यात काम करीत असता त्याचे मीटर शिडीवरून निसटून फरशीवर आपटले. त्याने ते उचलून पाहिले. तडा नाही, ओरखडाही नाही. नॉब फिरवताच आकडे उजळले. खिशातल्या बॅटरीवर लावून पाहिले, तर दीड व्होल्ट अगदी बिनचूक! दुसरा कोणी असता तर त्याने मीटरची पाठ थोपटून पुन्हा शिडी गाठली असती. परंतु औद्योगिक शिक्षण संस्थेत असताना त्याच्या शिक्षकांनी त्याला एक सवय लाविली होती. तार मृत आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर आधी जी तार निश्चित जिवंत आहे तिच्यावर मीटर लावावे; मग संशयित तारेवर लावावे; आणि नंतर फिरून त्या जिवंत तारेवर लावावे. दोन जिवंत साक्षींच्या मध्ये मृत्यूची साक्ष घ्यावयाची, असा तो नियम आहे. त्याप्रमाणे त्याने खालच्या मजल्यावरील एका सॉकेटवर मीटर लाविले. त्याच सॉकेटच्या जोडीला एका गृहस्थाचा फोन विजेवर लावलेला होता, आणि तो विद्युद्भार घेत होता. तरीही मीटरने शांतपणे शून्य दाखविले.

रात्री ते मीटर आमच्या जेवणाच्या मेजावर उघडले, तेव्हा कारण सापडले. नॉबखालची एक पातळ स्प्रिंग आपल्या जागेवरून रेसभर सरकली होती, आणि घरगुती विजेचा दाब मोजण्याच्या ठिकाणी तेवढा संपर्क तुटला होता. बाकी सारी मापे सुरळीत होती. म्हणजे हे मीटर नऊ गोष्टींविषयी खरे बोलत होते आणि दहावीविषयी खोटे. आणि ती दहावी गोष्टच प्राणाची होती. २३० व्होल्टची तार 'मी मृत आहे' असे म्हणते, आणि माणूस विश्वासाने तिला हात लावतो! नऊ वेळा खरे बोलून विश्वास संपादन करणारा साक्षीदार अधिक घातकी असतो, हे न्यायालयात वावरणाऱ्यांना सांगावयास नको.

स्प्रिंग जागेवर बसविली, तरी आमच्या मनातली धास्ती जागेवर बसेना. मीटर पडूच नये, ह्यासाठी काही करता येईल काय, असा प्रश्न आम्ही काढला. पुतण्या हसून म्हणाला, "काका, साऱ्यांचीच मीटरे पडतात." साऱ्यांची पडतात, ही गोष्ट खरी, परंतु हे सांत्वन झाले, उत्तर नव्हे.

पडणाऱ्या हत्यारांची कथा केवळ आमच्या जिन्यापुरती नाही. १९८० सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील आर्कान्सा संस्थानात, दमास्कस गावाजवळील एका क्षेपणास्त्राच्या विवरात कामगाराच्या हातातील पान्याचा सुमारे चार किलोंचा एक भाग निसटला. तो सुमारे ८० फूट खाली गेला, आपटून उडाला, आणि क्षेपणास्त्राच्या इंधनाच्या टाकीला त्याने भोक पाडले. काही तासांनी त्या विवरात स्फोट झाला आणि एका सैनिकाचा प्राण गेला. त्या क्षेपणास्त्राच्या टोकाशी अण्वस्त्र होते. ते दूर फेकले गेले, पण त्याचा स्फोट झाला नाही, हे जगाचे नशीब! एका निसटलेल्या तुकड्याने केवढा अनर्थ जवळ आणला होता, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. ह्याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. अंतराळात वस्तू खाली पडत नाहीत. परंतु हातून सुटतात. २००८ सालच्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करीत असलेल्या हायडमरी स्टेफनिशिन-पायपर ह्या अंतराळवीर बाईंची हत्यारांची पिशवी अशीच तरंगत दूर गेली. ती पुढे कित्येक महिने पृथ्वीभोवती फिरत होती. तेथे प्रत्येक हत्याराला दोरी बांधण्याची शिस्त आहे. आणि तरीही एखादा बांध निसटतोच. जेथे वजनच नाही तेथेही माणसाला दोरीवाचून चालत नाही, तर शिडीवर चढणाऱ्याने ती का टाळावी?

तेव्हा दोरी करावयाची, असे ठरले. पण मीटरला दोरी ओवण्यास नाकच नव्हते! पुतण्याने तत्काळ बारीक गिरमिट काढले. त्याला आम्ही तेथेच थांबविले. मीटरची पेटी ही नुसती पेटी नव्हे. ती वीज आणि माणूस ह्यांच्यामधली भिंत आहे. त्याच्या मीटरवर 'कॅट ३, ६०० व्होल्ट' अशी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ असा की, तारेवर क्षणमात्र सहा हजार व्होल्टची लाट आली, तरी ती त्या भिंतीआड थोपून राहावी, अशा मापाने ती भिंत बांधलेली आहे. तिला आपल्या हाताने भोक पाडणे म्हणजे चोर येऊ नये म्हणून कडी बसवावयास जाऊन दारच खिळखिळे करण्यासारखे आहे.

मग दोरी बांधावयाची कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या आत्याबाईंनी दिले. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, दृष्टी मंद झालेली. तथापि हातांची स्मृती शाबूत आहे. सारे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, लोण्याच्या मडक्याला कोणी भोक पाडते का? त्याला शिंके करतात."

हे शिंके आम्ही लहानपणी आजोळच्या स्वयंपाकघरात पाहिले होते. मडक्याला कोठेही न दुखविता, त्याच्या पोटाखालून चार दोऱ्या घेऊन, वर एका गाठीत त्यांची मोट बांधावयाची, एवढीच ती विद्या. मडके जितके जड, तितके शिंके त्याला घट्ट आवळते. 'शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे पटले' ही म्हण तेथूनच निघाली. आमच्या शिंक्याचे तुटले, तर मात्र पटणारा बोका कोणीही नव्हता.

धागा कोणता घ्यावयाचा, ह्यावर थोडा खल झाला. पुतण्याच्या मते नायलॉन उत्तम. तो बळकट, आणि पावसात कुजत नाही. हे खरे आहे. परंतु तारांचा संधी होऊन भडका उडाला, तर नायलॉन वितळतो आणि तापलेल्या लाखेप्रमाणे कातडीला चिकटून बसतो. सूत जळते, काळे पडते. पण वितळत नाही. उलटपक्षी सुताचाही एक दोष आहे. ते घाम आणि पाणी पिते, आणि खारट ओलाव्याने भिजलेले सूत विजेला वाट देऊ शकते. म्हणून सूतच घ्यावे, पण ते कोरडे ठेवावे आणि भिजले की बदलावे, असा निवाडा झाला. सूत स्वस्त आहे. ते बदलताना जीव तुटत नाही, हाही त्याचा एक गुणच. धातूची साखळी मात्र कोणीही, कितीही शोभिवंत दिसली तरी, विजेच्या कामात वापरू नये, हे येथे स्पष्ट सांगून ठेवतो.

आत्याबाईंनी चार पेडांचा गोफ विणला. तीन पेडांची वेणी चपटी होते. चार पेडांचा गोफ गोल होतो, पीळ खात नाही, आणि एक पेड झिजला तरी उरलेले तिघे भार उचलतात. मीटरकडील टोकास त्यांनी निरगाठ मारली. ती ओढावी तितकी घट्ट बसते. दुसरे टोक शिडीच्या पायरीला बांधावयाचे होते. तेथे त्यांनी सुरगाठ दाखविली. भार कितीही येवो, ती धरून ठेवते. पण मोकळे टोक एकदा ओढले की क्षणात सुटते. "गोठ्यात गाय अशीच बांधावी," त्या म्हणाल्या. "आग लागली तर गाठ सोडीत बसायला वेळ कुठला?"

दोरीची लांबीही विचार करून ठरवावी लागली. दोरी लांब ठेवली तर मीटर आधी पडते आणि मग हिसका बसतो. आखूड ठेवली तर हात खुंटतो. शेवटी काम करण्याच्या जागेपासून वीतभरच ढील राहील, अशी ती ठेवली. वीतभर पडून मीटर दोन सेंटिमीटरच्या ताणात थांबले, तर त्याच्यावर वजनाच्या सुमारे बारापट बल येते, म्हणजे पाच किलोंच्या आसपास. फरशीवरचे ४०० किलो कोठे आणि हे पाच किलो कोठे! खात्रीसाठी गोफाला दहा किलो तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेविली. सकाळी गोफ बोटभर लांबला होता, तुटला नव्हता.

येथवर सर्वांचे एकमत होते. खरा वाद पुढेच झाला. पुतण्या म्हणाला, "शिडीला बांधले ते ठीक, पण जिना चढता-उतरताना मी ते गळ्यात अडकवणार. तेव्हा गोफाचा एक मोठा फास गळ्यासाठीही करा." आम्ही साफ नकार दिला. गळ्यात बळकट दोरी, त्या दोरीला जड वस्तू, आणि तो माणूस फिरत्या पंख्यापाशी, मोटारीच्या पट्ट्यापाशी, नाहीतर उघड्या फळीवरील तारांपाशी वाकलेला, हे चित्रच आम्हांस सहन होईना. दहा किलो तांदूळ रात्रभर पेलणारी ती दोरी अडकली, तर तुटणार नाही. मग तुटावयाचे काय उरते? पुतण्याचेही म्हणणे खोटे नव्हते. दोन हातांत पिशवी आणि शिडी असताना मीटर धरावयाचे कोठे? बराच वेळ दोघेही आपापल्या मतावर अडून बसलो.

आत्याबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी पुतण्याला जवळ बोलाविले आणि त्याच्या मानेवरून हात फिरविला. "तू तीन महिन्यांचा होतास, तेव्हा तुझ्या गळ्यात काळा दोरा मीच बांधला होता," त्या म्हणाल्या. "तो कच्चा होता. मुद्दाम कच्चा घेतला होता. बाळ पाळण्यात वळवळते. दोरा कुठे अडकला तर तो तुटावा, बाळाला काही होऊ नये. दृष्ट लागू नये म्हणून दोरा घालायचा, आणि त्याचाच फास व्हायचा, असे कसे चालेल?"

मग तसेच केले. गळ्यातल्या दोरीची दोन टोके मानेमागे एकमेकांशी गाठीने न जोडता, शिवणाच्या साध्या दोऱ्याच्या दोन टाक्यांनी जोडली. काट्याला लावून ओढून पाहिले. दोन किलोंच्या सुमारास टाका तुटतो. मीटर छातीवर लोंबत असता त्याचे ४०० ग्रॅम तो आरामात पेलतो. माणसाला ओढणारे काही आले, तर तो प्रथम तुटतो. शिडीवर चढल्यावर गोफाची सुरगाठ पायरीला बांधावयाची. गळ्यातला टाका तुटला, तरी मीटर गोफावर लोंबते. आणि फिरत्या यंत्रापाशी किंवा उघड्या फळीपाशी काम असेल, तर गळ्यात काहीच नको, हे वचन आम्ही त्याच्याकडून घेतले आहे.

ह्या साऱ्या खटाटोपाला बाजारात एखादा तयार पट्टा मिळाला नसता काय, असे कोणी विचारील. मिळाला असता, आणि जाणत्या कारखान्याने केलेला, ओढताच सुटणारा पट्टा घ्यावयास आमची काही हरकत नाही. परंतु घरी दोरी करताना कोणता भाग तुटू नये आणि कोणता तुटलाच पाहिजे, ह्याचा विचार करावा लागतो. विकत घेताना तो दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी केलेला असतो, आणि त्याने तो केला की नाही हे आपण पाहतही नाही. चष्म्याची दोरी, किल्ल्यांचा पट्टा, शाळकरी मुलांच्या गळ्यातले ओळखपत्र, ह्या वस्तू प्रत्येक घरात आहेत. त्यांपैकी कोणती दोरी ओढली असता सुटते आणि कोणती सुटत नाही, हे वाचकांनी आज एकदा ओढून पाहावे. मुलांच्या गळ्यातली तर अवश्य पाहावी.

आमच्या मनात मात्र आत्याबाईंचा तो कच्चा दोरा घोळत राहिला आहे. बळकटपणा हाच बंधनाचा एकमेव गुण, असे आपण समजून चालतो. वस्तूला वस्तूशी बांधताना ते खरेही आहे. तेथे निरगाठच हवी. परंतु ज्या दोरीच्या एका टोकाला माणूस आहे, तिच्यात कोठेतरी एक कच्चा टाका हवा, आणि तो कोठे आहे हे बांधणाऱ्याला ठाऊक हवे. ऐंशी वर्षांच्या संसारात आत्याबाईंनी पुष्कळ माणसे बांधून ठेविली, आणि जी जावयाची होती त्यांना जाऊ दिले. त्यांच्या सुना दूर गावी गेल्या, नातू परदेशी गेले; पण सणावाराला सारे त्यांच्याच घरी उतरतात. ह्याचे मर्म काय, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. आता विचारण्याची आवश्यकताही वाटत नाही.

असो. पुतण्याचे मीटर त्यानंतर दोनदा हातून सुटले. दोन्ही वेळा ते शिडीवरच लोंबत राहिले. गळ्यातला टाका एकदा खिडकीच्या कडीत अडकून तुटला. आत्याबाईंनी तो चष्मा लावून पुन्हा घातला. परंतु दोरी आली म्हणून त्या पोराने आपली जुनी सवय सोडलेली नाही, ह्याचे आम्हांस विशेष समाधान आहे. अजूनही तो तारेला हात लावण्यापूर्वी मीटर आधी जिवंत सॉकेटवर लावून पाहतो, आणि नंतरही पाहतो. दोरी मीटरला पडू देणार नाही. पण मीटर खरे बोलते की नाही, हे त्याचे त्यालाच विचारून घ्यावे लागते.